एक अंडं, ३० दिवस, ५ कोटी लाईक

४ जानेवारी २०१९. इन्स्टाग्रामवर 'वर्ल्ड रेकॉर्ड एग' नावाच्या एका नव्या, कुणाला ठाऊक नसलेल्या खात्यावर एक फोटो पडला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपकिरी अंडं. बाकी फोटोत काही नाही. खाली दोन-तीन ओळींचं आवाहन होतं : चला, सगळे मिळून विश्वविक्रम करू. इन्स्टाग्रामवर सर्वांत जास्त लाईक मिळालेली पोस्ट म्हणून हिची नोंद व्हायला हवी. सध्याचा विक्रम अमेरिकी दूरचित्रवाणी तारका कायली जेनरच्या नावावर आहे, १ कोटी ८० लाखांचा. तो मोडायचा.

दहा दिवसांत तो मोडला. ३ फेब्रुवारीला, म्हणजे बरोबर तीस दिवसांनी, त्या अंड्याचे लाईक ५ कोटींच्या पुढे गेले होते आणि खात्याचे फॉलोअर १ कोटीच्या आसपास होते.

मी गेली काही वर्षं छोट्या व्यावसायिकांची इन्स्टाग्राम खाती सांभाळते. मसालेवाल्या ताई, साड्यांचं दुकान, एक रोपवाटिका, अशी माझी माणसं. नव्या ग्राहकाबरोबरच्या पहिल्याच बैठकीत एक वाक्य हमखास येतं : "मॅडम, आपली एक तरी पोस्ट व्हायरल करून द्या." तेव्हा मी त्यांना हे अंड्याचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. त्यातल्या तारखा आणि आकडे सगळ्या जगासमोर घडलेले आहेत. दुसरं म्हणजे, या फोटोत डोळ्यांत भरावं असं काहीच नाही. सुंदर चेहरा नाही, सह्याद्रीचा सूर्योदय नाही, लहान मूल नाही. वाढ झाली ती फोटोबाहेरच्या कारणांनी झाली, आणि म्हणून ती कारणं इथे स्वच्छ दिसतात.

विक्रम कुणाचा होता

कायली जेनरची ती पोस्ट फेब्रुवारी २०१८ची. नुकत्याच जन्मलेल्या मुलीने इवल्याशा मुठीत आईचा अंगठा धरलेला, आणि सोबत मुलीचं नाव. गरोदरपण तिने लोकांपासून लपवून ठेवलं होतं, त्यामुळे बातमीही त्यातच आणि फोटोही त्यातच. जानेवारी २०१९मध्ये तिचे फॉलोअर १२ कोटींच्या घरात होते. हा प्रेक्षक काही एका दिवसात आला नव्हता. तिच्या कुटुंबावरची दूरचित्रवाणी मालिका २००७ साली सुरू झाली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. लोकांनी तिला वाढताना पाहिलं होतं.

म्हणजे एका बाजूला बारा वर्षं साठत आलेली ओळख, आणि दुसऱ्या बाजूला शून्य. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक स्वतःला या दुसऱ्या बाजूला पाहतात, म्हणूनच त्यांना अंड्याची गोष्ट आवडते. शून्यापासून सुरुवात झाली हे खरंच आहे. पण शून्याने काय केलं, ते नीट पाहायला हवं.

तोच फोटो, साडेतीन वर्षं आधी

तो फोटो त्या खात्यासाठी काढलेलाच नव्हता. सर्गेई प्लातानोव्ह या छायाचित्रकाराने तो जून २०१५मध्ये शटरस्टॉकवर चढवला होता. शटरस्टॉक म्हणजे जाहिरातवाले, मासिकवाले पैसे भरून फोटो घेतात ते भांडार. तिथे हे अंडं साडेतीन वर्षं इतर असंख्य फोटोंच्या ढिगात पडून होतं. त्याची कुणी चर्चा केली नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सगळ्यांत मोलाचा तपशील आहे. फोटो तोच, रंग तोच, प्रकाश तोच. २०१५मध्ये काहीही घडलं नाही आणि २०१९मध्ये ५ कोटी लोकांनी त्यावर बोट टेकवलं. तेव्हा 'चांगला फोटो असला की लोक येतात' हे वाक्य निदान या एका बाबतीत टिकत नाही. मी स्वतः फोटोवर खूप मेहनत घेते. खिडकीतला उजेड, पितळी ताट, मागचा पडदा, सगळं. ती मेहनत वाया जात नाही; आलेला माणूस त्या मेहनतीमुळे थांबतो. पण माणूस येतो कसा, हा प्रश्न वेगळा आहे.

मात्र अंडंच का, यामागे विचार होता. हे खातं चालवणारा क्रिस गॉडफ्री लंडनमध्ये जाहिरात क्षेत्रात काम करणारा तरुण. त्याने पुढे सांगितलं, त्याचा आशय असा : अंड्याला लिंग नाही, वंश नाही, धर्म नाही, अंडं ते अंडंच, जगात कुठेही. जाहिरातवाल्याची नजर आहे ही. तुमचा चेहरा, तुमची भाषा, तुमचा देश फोटोत आला की काही लोक जवळ येतात आणि काही लांब जातात. अंड्यापासून लांब जायला कुणाला कारणच नव्हतं. शिवाय फोनच्या पडद्यावर एकामागून एक गजबजलेले फोटो सरकत असताना पांढऱ्यावर एकच वस्तू आली की अंगठा क्षणभर अडखळतो. हे दुसरं कारण माझं, अनुभवातून आलेलं.

आवाहनाची बांधणी

आता त्या दोन-तीन ओळींकडे पुन्हा पाहू. मला त्या ओळी फार शिकवून गेल्या.

काम एकच मागितलं होतं : लाईक करा. फॉलो करा, शेअर करा, कमेंट करा, लिंकवर जा, अशी यादी नव्हती. आपल्याकडच्या पोस्टखाली मात्र हे चारही एका दमात मागितलेलं असतं आणि वाचणारा एकही करत नाही. लाईकला एक सेकंद लागतो, पैसा लागत नाही आणि आपण काय केलं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खारीचा वाटा म्हणतात तो हाच. आणि खारीला आपला वाटा मोजता येत होता : आकडा सगळ्यांना दिसत होता, चढताना दिसत होता. सकाळी पाहिला तेव्हा इतका, संध्याकाळी इतका.

दुसरं, मुक्कामाचं ठिकाण ठरलेलं होतं. १ कोटी ८० लाख. 'आम्हाला मोठं करा' या विनंतीला शेवट नसतो, म्हणून ती ऐकणाऱ्याला दमवते. 'इथपर्यंत पोचवा' म्हटलं की माणूस उरलेलं अंतर मोजतो.

तिसरं, समोर प्रतिस्पर्धी होता, पण त्याच्याविषयी वाकडा शब्द नव्हता. कायलीला नावं ठेवलेली नव्हती. फक्त तिचा आकडा सांगितला होता. त्यामुळे कायलीच्या चाहत्यालाही अंड्याला लाईक देताना अपराधी वाटायचं कारण नव्हतं. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. शेजारच्या दुकानदाराला टोमणे मारून वाढवलेला प्रेक्षक टोमण्यांसाठीच येतो. पुढे टोमणे थांबले की तोही थांबतो.

आणि चौथं म्हणजे नाव. हॅशटॅगमध्ये 'एग गँग', 'एग सोल्जर्स' असे शब्द होते. गणपती मंडळाचा टी-शर्ट अंगात घातला की एरवी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारं पोरगं मिरवणुकीत तासन्‌तास दोर धरून उभं राहतं. नाव मिळालं की माणूस काम अंगावर घेतो. इथेही लाईक देऊन झालं की पुढचं काम लोकांनी आपण होऊन घेतलं : दुसऱ्याला सांगणं.

शून्य फॉलोअरचा फोटो दिसतो तरी कसा

इथे इन्स्टाग्रामची तेव्हाची रचना समजून घ्यावी लागते, नाहीतर सगळं जादूसारखं वाटतं.

२०१६पर्यंत फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर सरकत जाणाऱ्या रांगेत, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत. मग कंपनीने तो क्रम बदलून कोणाला काय आवडेल याच्या अंदाजावर फीड लावायला सुरुवात केली. जून २०१८मध्ये कंपनीने पत्रकारांना सांगितलं की या अंदाजात तीन गोष्टींचं वजन सर्वांत जास्त असतं : त्या माणसाची आवड, पोस्ट किती ताजी आहे आणि टाकणाऱ्याशी त्याचं नातं किती जवळचं आहे. नव्या खात्याची अडचण तिसऱ्या गोष्टीत आहे. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं नातं कुणाशी असणार? दार आतून बंद.

त्यात इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट आपल्या फीडवर पुढे पाठवायची सोय तेव्हा नव्हती. पण मे २०१८मध्ये एक लहानसा बदल झाला होता. कुणाचीही सार्वजनिक पोस्ट एका टिचकीत आपल्या स्टोरीवर लावता येऊ लागली. चोवीस तासांत स्टोरी पुसली जाते, त्यामुळे लोक फीडवर जे टाकायला कचरतात ते स्टोरीवर सहज टाकतात. अंड्याचा फोटो आला तेव्हा ही सोय आठ महिने जुनी होती, म्हणजे सगळ्यांच्या बोटांना सवय झालेली होती. आणि जून २०१८मध्येच इन्स्टाग्रामने महिन्याला १०० कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडला होता.

माझं मत असं की अंडं याच वाटेने फिरलं. खात्याचं स्वतःचं नातं कुणाशी नव्हतं, पण स्टोरी लावणाऱ्या मैत्रिणीचं होतं, भावाचं होतं, कॉलेजातल्या मित्राचं होतं. फोटो परक्याचा, शिफारस घरातली. त्याबरोबरच लाखोंनी फॉलोअर असलेल्या विनोदी पानांनीही ते उचललं आणि मग आकड्याला वेग आला. या दोन्हींतलं कुठलंही एक नसतं तर दहा दिवसांत १ कोटी ८० लाख हे घडलं नसतं असं मला वाटतं. सरासरी काढली तर दिवसाला १८ लाख लाईक होतात.

१३ जानेवारीला कायलीने उत्तर दिलं. तापलेल्या रस्त्यावर ती अंडं फोडते आहे असा एक व्हिडिओ तिने टाकला आणि सोबत त्या 'चिमुकल्या अंड्या'ला एक लाडिक दम भरला. खेळकर उत्तर होतं. पण परिणाम असा झाला की ज्या १२ कोटी लोकांपर्यंत अंडं कदाचित कधीच पोचलं नसतं, त्यांच्या फीडवर विक्रम गमावणाऱ्या व्यक्तीनेच दवंडी पिटली. आणि पाठोपाठ जगभरच्या बातम्यांत अंडं झळकलं.

आकड्यांनी माझा अंदाज चुकवला

बराच काळ मी हे प्रकरण 'शर्यत' म्हणून सांगत होते : ध्येय दिलं, लोक धावले, ध्येय गाठलं. मग एकदा तारखा आणि आकडे शेजारी शेजारी लिहून काढले आणि थांबले. विक्रम मोडला तेव्हा लाईक सुमारे १ कोटी ८४ लाख होते. ३ फेब्रुवारीला ते ५ कोटींच्या वर होते. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश लाईक विक्रम मोडून झाल्यावर आले! शर्यत संपल्यावर मैदानात आधीच्या जवळजवळ दुप्पट माणसं धावत आली.

हे लोक कशासाठी आले? विक्रमाला त्यांची गरज उरली नव्हती. ते आले ते घडलेल्या गोष्टीला हात लावायला. पंढरीच्या वाटेवर पालखी गावातून पुढे सरकली तरी मागून माणसं येतात आणि ती गेलेल्या रस्त्याची माती कपाळाला लावतात. ती श्रद्धा फार मोठी आहे आणि तुलना मी फक्त एवढ्यापुरतीच करते की 'आपणही तिथे होतो' ही ओढ माणसात खोल असते. अंड्याचा लाईक पहिले दहा दिवस मदत होता, नंतर तो हजेरी झाला.

यातून मला कामाची अशी एक गोष्ट मिळाली की ज्या पोस्टला गती आली आहे तिच्यापासून लगेच दूर जाऊ नये. आपण उलट करतो. एक पोस्ट चालली की दुसऱ्याच दिवशी नवा विषय, नवा फोटो. तोवर पहिल्या पोस्टचा खरा प्रेक्षक वाटेवरच असतो.

तडा

पहिल्या पोस्टच्या यशात नशिबाचा वाटा मोठा होता. अशीच आवाहनं करणारी खाती त्या काळात कितीतरी निघाली आणि बहुतेक जिथल्या तिथे विरली. त्यामुळे पहिली पोस्ट जशीच्या तशी उचलून कुणी काही शिकू नये असं मी सांगते. शिकावं ते पुढच्या तीन आठवड्यांतून.

कल्पना करा, तुमच्या खात्यावर एकच पोस्ट आहे आणि लाखो नवे लोक दारात उभे आहेत. आता काय टाकणार? हा प्रसंग फारच थोड्यांवर येतो, पण लहान प्रमाणात तो प्रत्येकावर येतो : एखादं रील अचानक चालतं, हजार-दोन हजार अनोळखी माणसं येतात आणि मालकाला सुचत नाही. घाईत सवलतीची जाहिरात टाकली जाते. अंड्याच्या खात्यानेही मधल्या काळात टी-शर्ट विकायला काढले होते, आणि मला ती पायरी तितकीशी आवडत नाही. पण त्यांनी फीडवर गर्दी केली नाही. १८ जानेवारीच्या सुमारास नवा फोटो आला : तेच अंडं, तीच पांढरी पार्श्वभूमी, फक्त वरच्या बाजूला केसाएवढा एक तडा.

मग काही दिवस गप्प. पुन्हा फोटो, तडा थोडा वाढलेला. पुन्हा गप्प. प्रत्येक फोटोत एवढासाच बदल. बोलकं असं एक वाक्यही नाही. लोक तर्क लढवू लागले : आत काय आहे, पिल्लू येणार का, कुठल्या कंपनीची जाहिरात निघणार. अंडं कुणाचं आहे हेही गूढच होतं. विचारणाऱ्यांना उत्तर मिळे की इंग्लंडच्या खेड्यातल्या हेन्रिएटा नावाच्या कोंबडीचा हा उद्योग आहे. आपणच मालक म्हणून पुढे येणारेही निघाले.

१ फेब्रुवारीचा फोटो वेगळा होता. अंड्यावर अमेरिकी फुटबॉलच्या चेंडूसारखी शिवण होती. ३ फेब्रुवारीला अटलांटात सुपर बोल, त्या फुटबॉलचा वर्षातला सर्वांत मोठा सामना. त्या रात्री हुलू या अमेरिकेतल्या व्हिडिओ सेवेवर अंड्याचा छोटासा व्हिडिओ आला. त्यात अंडं म्हणतं, अशा अर्थाचं : मला तडे जायला लागले आहेत, सोशल मीडियाचा ताण मला सोसेनासा झाला आहे, तुम्हालाही त्रास होत असेल तर कुणाशी तरी बोला. शेवटी मेंटल हेल्थ अमेरिका या संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता. त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने गॉडफ्री आणि त्याचे साथी अलिसा खान-व्हेलन व सीजे ब्राऊन यांची नावं जगासमोर आणली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आतून हलले. आकडा फुगवण्यासाठी सुरू झालेली गोष्ट आकड्याच्या ओझ्याबद्दल बोलत होती. संदेश बाहेरून चिकटवलेला नव्हता. तो अंड्याच्या कवचातूनच निघाला होता. पहिल्या तड्यापासून प्रत्येक फोटो त्या एका वाक्याकडे सरकत होता. एका व्यावसायिक कंपनीबरोबर मिळून ते केलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला तो आक्षेप पटत नाही. एवढ्या लोकांचं लक्ष एका क्षणापुरतं हातात आलेलं असताना त्यांनी ते 'एकटे राहू नका, बोला' हे सांगायला वापरलं, आणि मदत कुठे मिळेल याचा पत्ताही दिला. ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी तो पत्ता महत्त्वाचा होता.

लाईकचा आकडा माणसाला काय करतो, हा विषय त्या वर्षी हवेतच होता. एप्रिल २०१९च्या अखेरीस इन्स्टाग्रामने कॅनडात लाईकचा आकडा लपवून पाहण्याचा प्रयोग जाहीर केला, आणि मे २०२१पासून तो लपवण्याचा पर्याय सगळ्यांना मिळाला. माझ्या दोन ग्राहकांनी तो वापरला आहे. दोघीही म्हणतात की फोटो टाकल्यावर पहिल्या तासाला येणारी धडधड गेली.

एकास पाच

आता ज्यासाठी लोक माझ्याकडे येतात त्या प्रश्नाकडे येते : प्रेक्षक वाढला का?

५ कोटी लाईक, १ कोटी फॉलोअर. लाईक देणाऱ्या दर पाच जणांत ढोबळमानाने एकानेच खात्याशी नातं जोडलं. उरलेले चौघे आले, काम केलं, गेले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही आणि खात्याचंही नाही. मागितलं होतं लाईक, मिळालं लाईक. एका पोस्टचा प्रेक्षक आणि एका खात्याचा प्रेक्षक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यातून दुसरा आपोआप तयार होत नाही. जे १ कोटी थांबले तेही 'आत काय आहे' हे कळेपर्यंत थांबले होते. ते कळल्यावर अंड्याला रोज सांगण्यासारखं काही नव्हतं. गॉडफ्री आणि मंडळींनी ते ओढूनताणून लांबवलं नाही, हा मला त्यांचा शहाणपणा वाटतो.

विक्रम मात्र जवळजवळ चार वर्षं टिकला. १८ डिसेंबर २०२२ला कतारमधल्या लुसैल मैदानावर अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं, लिओनेल मेस्सीने विश्वचषक हाती घेतलेले फोटो टाकले, आणि दोनच दिवसांत त्या पोस्टने अंड्याला मागे टाकलं. मेस्सीचे फॉलोअर तेव्हा ४० कोटींच्या आसपास होते. विक्रम पुन्हा अशा माणसाकडे गेला ज्याच्यामागे लोक वर्षानुवर्षं चालत आले होते.

मसालेवाल्या ताई

हे सगळं मी ज्यांना सर्वांत तपशिलाने सांगितलं त्या साताऱ्याकडच्या एक ताई. घरगुती कांदा-लसूण मसाला करतात. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने एक स्पर्धा घेतली होती : पोस्ट लाईक करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, एक किलो मसाला जिंका. लोक भराभर आले. बक्षीस दिलं, आणि त्यानंतर टाकलेला प्रत्येक फोटो पूर्वीपेक्षाही कमी लोकांना दिसू लागला. ताई हवालदिल. "एवढी माणसं आहेत म्हणतंय, मग आहेत कुठं?" हा त्यांचा प्रश्न मी विसरलेली नाही.

कारण उघड होतं. आलेल्यांपैकी बहुतेकांना मसाल्याशी देणंघेणं नव्हतं, ती स्पर्धेची माणसं होती. ताईंचा नवा फोटो इन्स्टाग्राम आधी थोड्या लोकांना दाखवून पाहायचं. ते पुढे सरकवायचे, आणि 'कुणाला रस नाही' असा अंदाज बांधून तो फोटो आणखी कुणाला दाखवला जायचा नाही. फॉलोअरचा फुगा त्यांच्याच वाटेत आडवा येत होता.

आम्ही वर्षभर एकही स्पर्धा घेतली नाही. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे वर्षभर बदलत जाणारं असं काय आहे? त्या म्हणाल्या, मिरची. मग आम्ही मिरचीच्या मागे लागलो. फेब्रुवारीत नवी मिरची बाजारात आल्यापासून उन्हाळ्यातल्या कांडपापर्यंत प्रत्येक टप्पा ताईंच्या आवाजात आणि त्यांच्याच बोलीत फोनवर टिपला. पोतं उघडल्यावरचा रंग, देठ खुडणं, पत्र्यावर वाळवण, खोबरं भाजतानाचा वास शब्दांत कसा सांगायचा याची त्यांची धडपड, यंत्रापाशी उडालेला खकाणा आणि पदराने झाकलेलं नाक. अंड्यावरच्या तड्यासारखंच होतं हे. रोज नवा विषय शोधायचा नाही, तीच वस्तू थोडी थोडी पुढे न्यायची. ज्याने देठ खुडताना पाहिलं त्याला कांडप पाहायचंच असतं.

वाढ संथ झाली. काही महिने तर फॉलोअर कमी होत गेले, स्पर्धेची माणसं निघून जात होती. ताईंना तेव्हा धीर देणं हे माझं मुख्य काम होतं. पण येणारी माणसं बदलली. मुंबईत, पुण्यात, काही परदेशातही राहणारी, सातारा-कोल्हापूर-सांगलीकडून गेलेली मंडळी येऊ लागली. त्यांच्या आईच्या हाताचा मसाला संपला होता किंवा आईच राहिली नव्हती. त्यांच्या कमेंट लांबलचक असत आणि त्या वाचताना ताईंचे डोळे भरून येत.

गेल्या हंगामात त्यांनी तीन ताटल्यांत तीन मिरच्या ठेवून एक साधा फोटो टाकला : संकेश्वरी, ब्याडगी आणि लवंगी. खाली एवढंच लिहिलं, "तुमच्याकडं कांदा-लसणात कंची जास्त?" दोन दिवस वाद चालला. कोल्हापूरकरांनी संकेश्वरीची बाजू सोडली नाही. एकीने आपल्या आजीचं प्रमाण वजनासकट लिहिलं, दुसरीने ते खोडून काढलं, तिसरीने दोघींना ताईंकडे कांडपाला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोघींनी खरंच फोन करून विचारलं, कधी येऊ.